स्विफ्टमधल्या अँप्लीची वायरिंग उपसून पुन्हा केली: माझ्या नोंदी

गाडी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-अवर). डिकीत चार चॅनेलचा अँप्ली (स्पीकरचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर), त्याच्या अंगावर २५ अँपिअरचे दोन फ्यूज, आणि दहा इंची वूफर. तीन वर्षांपूर्वी हे सगळं एका दुकानातून बसवून घेतलं होतं. तेव्हा मी काहीच तपासलं नाही, आवाज आवडला आणि पैसे देऊन निघालो. आता सगळं काढून स्वतः करतोय. जे कुणी घरी असं काम करणार असतील त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

मागच्या रविवारी सिंहगडावरून उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय." ती पुढे डाव्या सीटवर बसली होती. मला वाटलं उतारावर ब्रेक तापले असतील. घरी येईपर्यंत वास गेला आणि मीही विसरलो. पण परवापासून खड्ड्यात गाडी आपटली की वूफर क्षणभर बंद पडायला लागला, म्हणून आज बॉनेट उघडलं.

पॉवर वायर बॅटरीच्या प्लसवरून सरळ निघालेली, मध्ये एकही फ्यूज नाही. फ्यूज फक्त अँप्लीवर, म्हणजे पाच मीटर लांब डिकीत. ती वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नवं भोक पाडून आत घेतली होती. भोकात ग्रोमेट, म्हणजे वायरला कड लागू नये म्हणून बसवायची रबरी कडी, नाही, पत्र्याची कड तशीच धारदार. तीन वर्षांच्या हादऱ्यांनी इन्सुलेशन कापत जाऊन एका बाजूने आतले तंतू दिसत होते. आणि पत्र्याच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा वितळलेला खड्डा पडला होता.

वास तिथूनच आला होता. तार पत्र्याला टेकली, ठिणगी उडाली, तेवढे तंतू जळून तुटले आणि संपर्क सुटला. सुटला म्हणून निभावलं. चिकटून राहिली असती तर मध्ये अडवायला काहीच नव्हतं. ३५ एएचची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की काही शे अँपिअर सोडते. तेवढ्या करंटने वायर थोड्याच वेळात लाल होते, आणि ही वायर कार्पेटखालून, मुलीच्या पायांखालून गेलेली होती. मी बराच वेळ बॉनेटपाशी नुसता उभा होतो.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून गाडीच्या वायरिंगला कुणी भीत नाही. मीही भीत नव्हतो.

अँप्लीवरचा फ्यूज अँप्लीच्या आत बिघाड झाला तर उडतो. बॅटरी ते डिकी हा जो पाच मीटरचा पट्टा आहे, त्यात कुठेही वायर पत्र्याला लागली तर करंट अँप्लीपर्यंत पोचतच नाही, मग तो फ्यूज उडणार कसा? म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीजवळ हवा. वायरच्या मापाने जास्तीत जास्त दीड फूट, जमेल तितका जवळ. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी बसवायचा असतो. या सगळ्या नोंदींत हे एवढं जरी कुणी उचललं तरी पुष्कळ.

५ जानेवारी, रविवार

जुनं सगळं काढलं. सुरुवातच चुकली. घाईत आधी प्लसचा नट सोडवायला घेतला आणि पाना फिरवताना त्याचं दुसरं टोक शेजारच्या पत्र्याला टेकलं. मोठी ठिणगी उडाली, पान्याच्या कडेचा तुकडा वितळून गेला. हातात अंगठी नव्हती हे नशीब. आता अंगठी आणि घड्याळ काढल्याशिवाय बॉनेटखाली हात घालत नाही.

कारण सोपं आहे. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसला लागलेला पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. मायनस आधी काढला की पाना कुठेही टेकला तरी सर्किट पुरं होत नाही. म्हणून काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हे मला माहीत होतं. तरीही झालं, म्हणून त्याच दिवशी कागदावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं.

मायनस काढल्यावर त्याचं टोक जाड कापडात गुंडाळून बाजूला बांधलं, नाहीतर ते आपसूक पोलवर येऊन टेकतं. मग दहा मिनिटं थांबून डॅशबोर्डकडे वळलो. एअरबॅगच्या सर्किटमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मल्टिमीटर लावायचा नाही, त्यांच्या गठ्ठ्याला आपली वायर बांधायचीही नाही.

डावीकडची दारापासची प्लास्टिकची पट्टी उचलली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या वायरचं इन्सुलेशन दोन ठिकाणी मऊ पडून चपटं झालं होतं. इथे ती पत्र्याला घासलेली नव्हती, म्हणजे नुसत्या तापण्याने. वायर बारीक होती. बाहेरून मात्र बोटाएवढी जाड दिसत होती.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी तपकीर गल्ली, पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार. जुन्या वायरचा तुकडा खिशात घालून नेला होता. ज्या दुकानातून मी गेली अनेक वर्षं घरची वायर घेतो, त्या काकांनी ब्लेडने तंतू खरवडून दाखवला. वर तांब्याचा रंग, आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तेवढाच करंट न्यायला अशी वायर तांब्यापेक्षा बरीच जाड घ्यावी लागते, आणि ही तर आतून सहा स्क्वेअर एमएमची (धातूच्या आडव्या छेदाचं माप) होती. बाकी सगळी जाडी प्लास्टिकची. पाकिटावर "४ गेज" (गेज म्हणजे वायरच्या जाडीचा नंबर) छापलं होतं म्हणे. खरं ४ गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम.

"साहेब, गेज विचारू नका, स्क्वेअर विचारा आणि कापून बघा," असं काका म्हणाले. त्यांच्याच सल्ल्याने १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल घेतली. बारीक तंतू, छान वळते, रबराचं जाड आवरण. २३० रुपये मीटर, सहा मीटर. रबर तेल आणि उष्णतेला तितकं चांगलं नाही, म्हणून बॉनेटखालच्या भागासाठी वरून काळा नालीदार पाइप.

अर्थची, म्हणजे अँप्लीपासून गाडीच्या बॉडीला जाणारी मायनसची वायरही त्याच जाडीची घ्यायची, हे काकांनी आठवण करून दिलं. जितका करंट प्लसमधून जातो तितकाच मायनसमधून परत येतो. माझ्या जुन्या कामात अर्थ दोन स्क्वेअरच्या वायरने दिला होता.

मग गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ. फ्यूज होल्डर आणि ६० अँपिअरचे दोन फ्यूज, एक राखीव. आकडा असा ठरवला: अँप्लीवरच्या फ्यूजची बेरीज ५०, त्याच्या थोडा वर ६०, आणि एवढ्या छोट्या लांबीला १६ स्क्वेअर तांब्याला ६० आरामात झेपतं. दुकानात १०० चा घ्या, उडणार नाही, असा आग्रह झाला. उडायला पाहिजे तेव्हा उडावा म्हणूनच तर तो बसवायचा.

लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं भोकवालं धातूचं टोक, दुकानात ज्याला थिंबल म्हणतात, ते चुकीचे आणले. वायरचं माप बरोबर सांगितलं, भोकाचं माप सांगायचं राहिलं. बॅटरी क्लॅम्पचा बोल्ट ८ चा, मी आणले ६ चे. परत जाऊन येण्यात दीड तास गेला. लग पक्कडीने चेपू नका. माझ्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल नाही, म्हणून लांबी मोजून वायरी कापून दिल्या आणि दुकानातच दाबून घेतल्या, दहा रुपये एक. ओढून बघितल्या, हलल्या नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

आजचं काम एकच, वायर आत घ्यायची. पाच तास लागले.

नवं भोक पाडायचं नाही असं ठरवलं होतं. पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते ड्रिलला दिसत नाही. ब्रेकची नळी असते, मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरींचा गठ्ठा) असतो. कंपनीच्या हार्नेसचा मोठा रबरी ग्रोमेट आहे, त्याच्या कडेला रबरातच छोटी चीर देऊन वायर घ्यायची, असा बेत. पहिल्यांदा जुन्या हँगरची तार सरळ करून आरपार ढकलली. तिचं टोक टोकदार ठेवलं ही चूक. मागे ओढल्यावर दिसलं की हार्नेसवरची टेप ओरखडली आहे. सुदैवाने आतली वायर शाबूत. मग टोक वळवून त्यावर टेपचा गोळा केला आणि हळूहळू घातली. लग आधी दाबून घेतल्यामुळे जाड टोक चिरेतून जाईना. आतल्या टोकाचा लग अँप्लीपाशी दाबायला ठेवला असता तर दोन तास वाचले असते. शेवटी लगला लांबट कोनासारखी टेप गुंडाळून, रबराला भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावून ओढली.

जुनं भोक तसंच ठेवलं तर पावसाचं पाणी आत येणार. कड कानसने घासली, गंजरोधक रंग दिला, बंद ग्रोमेट बसवला.

फ्यूज होल्डर बॅटरीपासून वायरच्या मापाने २० सेंटीमीटरवर, ब्रॅकेटला स्क्रूने पक्का. तो लोंबकळत ठेवलेला मी दोन गाड्यांत पाहिलाय. लोंबकळणारा होल्डर आपटून फुटला तर बॅटरीच्या बाजूचं धातूचं टोक उघडं पडतं, आणि त्या टोकाला कसलंच संरक्षण नसतं. वायर दर फूटभरावर टायने बांधली, एक्झॉस्टपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब. होल्डरमध्ये फ्यूज आज घातलेला नाही. सगळी जोडणी तपासून झाल्यावर, अगदी शेवटी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. खाली पार्किंगमध्ये तिळगूळ देत-घेतच काम केलं.

जुना अर्थ डिकीतल्या पत्र्यावर रंगावरच स्क्रू मारून दिला होता. हाताने हलत होता. खड्ड्यात वूफर बंद पडायचा तो यामुळे. नव्यासाठी सर्वात सोयीची जागा म्हणजे मागच्या सीटबेल्टचा बोल्ट. जाड आहे, बॉडीत खोल गेलेला आहे, हात सहज पोचतो. पण तो बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे. त्याच्याखाली लग घातला की त्याची बैठक बदलते. हा मोह टाळा, कृपा करून टाळा.

मी डिकीच्या कडेला बॉडीचा एक वेगळा वेल्ड केलेला बोल्ट शोधला. भोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा सँडपेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घालून लग कसला, वरून पुन्हा रंग दिला म्हणजे गंज नको. क्रम हाच: आधी घासणं, मग कसणं, मग रंग.

अँप्ली बसवायला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली आडवा झालो आणि टॉर्चने पाहिलं. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली येते, आणि तिथून नळ्या पुढे जातात. जुन्या कामातला एक स्क्रू ब्रेकच्या नळीपासून जेमतेम दोन बोटांवर खाली निघाला होता. पत्र्याला स्क्रू मारायचेच नाहीत असं ठरवलं. १२ एमएमची प्लायची फळी कापली, अँप्ली फळीवर, फळी डिकीतल्या मूळ बोल्टांना. वूफरची पेटी पट्ट्यांनी बांधली. ती जड आहे, आणि जोरात ब्रेक लागला तर मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत येईल.

१८ जानेवारी, शनिवार

स्टिरिओच्या मागे गेलो. दुकानदाराने मूळ कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) कापून वायरी पिळून टेप मारली होती. तीन उन्हाळ्यांत टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकली होती, दोन जोड उघडे. स्विफ्टला बसणारा तयार कपलर ४५० ला मिळाला. प्रत्येक जोड क्रिंप केला, वर उष्णतेने आवळणारी नळी.

बाजारातल्या स्टिरिओला साधारण रंग ठरलेले असतात: पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल किल्लीनंतर येणारी, काळी अर्थ, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अँप्लीला चालू करणारी. गाडीच्या बाजूचे रंग मात्र वेगळे असतात, ते मीटरने बघूनच जोडायचे. स्पीकरच्या मायनस वायरी बॉडीला जोडायच्या नाहीत. आताच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. बॉडीला लावली तर स्टिरिओ जळतो.

संध्याकाळी सात वाजता सगळं जोडलं, प्लस, मग मायनस, मग फ्यूज. वाजलं. आवाज स्वच्छ, स्पीकरमधून येणारी जुनी कुईऽऽ गेली, कारण स्टिरिओकडून अँप्लीला जाणारी सिग्नलची वायर आता पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने नेलीय.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी ९.८ व्होल्ट. रविवार-सोमवार गाडी हललीच नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या दादांनी त्यांची गाडी आणली. जंप केबल लावताना प्लसला प्लस, मग त्यांच्या गाडीचा मायनस, आणि शेवटचं टोक माझ्या बॅटरीच्या मायनसवर न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दादांना ते माहीत नव्हतं, पण समजावल्यावर लगेच पटलं.

संध्याकाळी गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून जाणारा करंट, मोजायला घेतली. मायनस काढून, पोल आणि वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर. मोजताना किल्ली फिरवायची नसते. मी सवयीने फिरवली, ब्लोअर आणि हेडलाइट चालू होते, मीटरचा फ्यूज उडाला. आजचा दिवस तिथेच संपला.

२२ जानेवारी, बुधवार

मीटरला नवा फ्यूज. गाडी बंद, दारं बंद, अर्धा तास थांबून मोजलं: ०.६२ अँपिअर. ३५ ला ०.६२ ने भागलं तर ५६ तास, साधारण शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ, म्हणजे बरोबर जमतंय. असली गळती साधारण ०.०५ च्या आत हवी. एकेक फ्यूज काढत गेलो, अँप्लीचा काढल्यावर आकडा पडला. शनिवारी उशीर झाला म्हणून घाईत अँप्लीची चालू करणारी वायर मी निळ्याऐवजी पिवळीच्या जोडात घातली होती. अँप्ली तीन रात्री जागाच होता. जोड बदलला: ०.०३.

पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडली नाही, दुकानात हळू चार्ज करून घेतली. १५० रुपये.

२५ जानेवारी, शनिवार

इंजिन चालू, वूफरवर ५० हर्ट्झचा सलग सूर, क्लॅम्प मीटरवर साधारण २५ अँपिअर. काढण्याआधी जुन्या वायरिंगवर याच सुराने मोजून ठेवलं होतं: बॅटरीवर १३.९, अँप्लीवर १२.७. सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेत उष्णता होऊन जात होते, निम्मे वायरमध्ये, निम्मे त्या हलणाऱ्या अर्थमध्ये. आता बॅटरीवर १३.९, अँप्लीवर १३.६. वीस मिनिटं वाजवून लग, होल्डर, अर्थचा बोल्ट हाताने चाचपले. होल्डर किंचित कोमट, बाकी थंड.

खर्च: केबल १३८०, होल्डर आणि फ्यूज ५५०, लग आणि दाबणावळ २४० (चुकीचे धरून), ग्रोमेट-पाइप-नळ्या-टाय ४२०, कपलर ४५०, मीटरचा फ्यूज ६०, चार्जिंग १५०. एकूण ३२५०. वेळ २५ तासांच्या आसपास, त्यातले आठ तरी चुका निस्तरण्यात.

१५ जून, रविवार

पाऊस सुरू झाल्यावर तपासणी. जुनं बुजवलेलं भोक कोरडं. अर्थच्या बोल्टला रंग शाबूत, पण फ्यूज होल्डरचा एक स्क्रू पाव फेरा सैल निघाला, कसला. नालीदार पाइपवर उंदराचे दात दिसले, वायरपर्यंत पोचलेले नाहीत. पार्किंगमध्ये उंदीर आहेतच, त्यामुळे पाइप दर महिन्याला बघणार.

हे सगळं चाललेलं बघून शेजारचे काका म्हणाले, "माझ्याही गाडीत तुझ्यासारखाच अँप्ली आहे, जरा बघतोस का?" त्यांच्या गाडीत डिकीत सीएनजीची टाकी, तिच्या बाजूलाच अँप्ली. बॉनेट उघडलं. प्लसवरून लाल वायर निघून सरळ पत्र्याच्या भोकात गेलेली, फ्यूज कुठेच नाही. काकांना पत्र्याची कड बोटाने दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आत्ता काढता येईल?"

आधी मायनस काढला. मग ती लाल वायर बॅटरीवरून सोडवून तिच्या टोकाला टेप मारली, आणि मायनस परत लावला. सीएनजीच्या टाकीशेजारी मी काही जोडणार नाही हे त्यांना सांगितलंय. अँप्ली सीटखाली आणायचा आणि टाकीभोवतीचं काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच तपासून घ्यायचं. बॅटरीपासून सीटपर्यंत चार मीटर केबल लागेल. शनिवारी काकांना घेऊन तपकीर गल्लीत जातोय.